हात खाली

मागच्या उन्हाळ्यात लातूरला एका लग्नात होते. पंगत उठली होती, हात धुवायला रांग लागली होती. नात्यातले एक दीर माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तीस वर्षं मुक्या लेकरांना बोलायला शिकवलंत म्हणे. त्यातली बोलली किती?"

खोचकपणे नव्हतं विचारलं, सहज विचारलं. मी म्हटलं, "बोलली की, पुष्कळ बोलली." आणि पाणी घेऊन पुढे झाले. घरी आल्यावर मात्र झोप येईना. कारण माझं उत्तर खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. जरा लांबेल, आधीच सांगते.

पहिली गोष्ट, ती लेकरं मुकी नसतात. गळा ठीक असतो, जीभ ठीक असते. ऐकू येत नाही म्हणून बोलणं येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. पण आपल्याकडे ती कळायलाच मूल तीन-चार वर्षांचं व्हावं लागतं. "त्याचा बापही उशिरा बोलला," "जीभ चिकटलेली असेल," असं करत दिवस जातात. मग नवस. पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घालतात. शाळेत दाखल करायला आलेली एक आई मला म्हणाली होती, "बाई, पेरूची दोन झाडं संपली बघा, पण लेकरू काही बोलायलं नाही." आमच्या भागात मामाच्या, आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल. त्यामुळे एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन बहिरी मुलं असणं नवल नाही. बाकी मग गोवर, मेंदूज्वर, जन्मतःची कावीळ. कागदावर या मुलांची नावं माझ्या नोकरीत चार वेळा बदलली. आधी मूकबधिर, मग कर्णबधिर, मग श्रवणबाधित, आता दिव्यांग. गावात मात्र शब्द एकच, "मुकं".

मी मुंबईत एक वर्षाचं प्रशिक्षण घेतलं आणि १९८९ मध्ये लातूरला एका निवासी शाळेत रुजू झाले. (शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे ते माझं आहे, शाळेचं नाही.) लातूर जिल्हाच मुळी १९८२ चा, उस्मानाबादेतून फुटून झालेला. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मराठवाड्यात अशा शाळा निघत गेल्या. त्याआधी नांदेड-लातूरकडच्या बापाला पोराला शिकवायचं तर हैदराबाद, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. किती जण गाठणार? बहुतेक पोरं गुरांमागेच जायची. आणि गंमत अशी की या शाळा शिक्षण खात्याच्या नव्हत्या, समाजकल्याणच्या होत्या. म्हणजे आमच्याकडे येणारं मूल विद्यार्थी नव्हतं, लाभार्थी होतं. पगाराचं, अनुदानाचं रडगाणं इथे गात नाही. त्या काळी या क्षेत्रात असलेल्या कुणालाही विचारा, पाठ असेल.

आता थोडा इतिहास. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

पॅरिसमध्ये अठराव्या शतकात आबे द लेपे नावाच्या एका पाद्र्याने बहिऱ्या मुलांची शाळा काढली. या मुलांची हातांची भाषा असते हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने त्या हातांच्या आधारानेच शिकवायला सुरुवात केली. त्याच सुमारास जर्मनीत सॅम्युएल हायनिके म्हणत होता की हात नको, बोलायलाच शिकवलं पाहिजे. हे भांडण शंभर वर्षं चाललं. निकाल लागला १८८० च्या सप्टेंबरमध्ये, इटलीतल्या मिलान शहरात. बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. १६४ प्रतिनिधी, त्यांत बहिरा माणूस एक. एक! ठराव झाला की तोंडी पद्धत श्रेष्ठ. त्यानंतर युरोपात शाळांमधून हातांची भाषा हद्दपार झाली आणि बहिरे शिक्षक घरी गेले. ऐकू न येणाऱ्यांनी कसं बोलावं हे ऐकू येणाऱ्यांनी ठरवलं.

आपल्याकडे शाळा निघाल्या त्या नेमक्या या ठरावानंतर. मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० च्या दशकात पहिली शाळा काढली, कलकत्त्याची १८९३ ची. कलकत्त्याच्या शाळेचे यामिनीनाथ बॅनर्जी तर त्या काळात शिकायला अमेरिकेत गॅलोडेट कॉलेजला जाऊन आले होते. पुढे देशभर जी शिक्षक-प्रशिक्षणं उभी राहिली त्यांत मुख्य जोर राहिला तो बोलण्यावरच. मिलानचा ठराव लातूरला पोचायला शंभरेक वर्षं लागली. तो माझ्या वहीतून, बसने आला.

बोलायला शिकवायचं म्हणजे काय करायचो ते सांगते. आरसा घ्यायचा. मूल आणि मी शेजारी बसायचं, दोघांची तोंडं आरशात. 'प' म्हणताना ओठांतून हवेची फट्कन फुंकर येते. ती दाखवायला तोंडासमोर कागदाची पट्टी नाहीतर पेटती मेणबत्ती धरायची. 'प' म्हटलं की ज्योत हलते. 'ब' ला ओठ तसेच, पण गळा थरथरतो. म्हणून मुलाचा हात माझ्या गळ्यावर, मग त्याच्या स्वतःच्या. 'म' ला नाकपुडीवर बोट. 'ट', 'ड' साठी टाळूला साखर लावायची, म्हणजे जीभ तिथे पोचते. 'क' सगळ्यांत वाईट. तो आत घशाशी होतो, दिसत नाही. चमच्याच्या दांड्याने जीभ पुढून दाबून धरली की कधीतरी एकदा 'क' निघतो. मुलाला ओकारी येते. मी त्या सगळ्या काळात मुलांच्या तोंडात बोटं घालत होते असं म्हटलं तरी चालेल.

गळ्यात पट्ट्यांनी बांधलेलं खिशातलं श्रवणयंत्र, पेन्सिल सेलवर चालणारं. सेल संपले की संपले. सुट्टीत घरी गेलेलं यंत्र बहुतेक वेळा ट्रंकेतच राहायचं, कारण "हरवेल, महागाचं आहे". आणि ज्या मुलाला नव्वद डेसिबलच्या खाली काही ऐकू येत नाही त्याला त्या यंत्रातून फक्त धडधड कळायची, शब्द नाही.

राहिलं ओठ वाचणं. हा प्रयोग तुम्हीच करून बघा. आरशासमोर आवाज न काढता म्हणा, पापा, बाबा, मामा. तिन्ही एकसारखे दिसतात. आता काका म्हणा. काहीच दिसत नाही, नुसतं तोंड उघडं. आमच्या मुलांच्या घरात पापा, मामा आणि बाबा यांच्यात फरक नव्हता आणि काका तर अदृश्यच होते. त्यात मिशा ठेवणारे सर असले की आनंदच. मिशा कातरा म्हणून एका सरांना सांगितलं तर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

अशा रीतीने एका वर्षात एक मूल आठ-दहा शब्द कमवायचं. पाणी. पोळी. आई. पाहुणे आले की त्यातल्या बऱ्यापैकी बोलणाऱ्या पोराला पुढे करायचं आणि त्याने "न-म-स्का-र" म्हटलं की टाळ्या. ते टाळ्या ऐकत नव्हतं, बघत होतं.

आणि नियम एकच होता, हात वापरायचे नाहीत. हातांनी बोललं तर मूल तोंडाने बोलणारच नाही, आळशी होईल, असं आम्हाला शिकवलं होतं आणि मला ते पटलेलंही होतं. वर्गात कुणाचा हात उठला की मी तळवा जमिनीकडे करून खाली दाबायची. हात खाली. दिवसातून शंभर वेळा. कुणी ऐकलं नाही (हा शब्द बघा कसा सवयीने येतो) तर पट्टी. मारलं आहे मी. हातांवरच मारलं आहे. काही मुलांना हाताची घडी घालून बसायला लावायची आणि मग विचारायची, "सांग, काय झालं?"

रात्री वसतिगृहात मात्र दिवा मालवेपर्यंत हातांचं राज्य. कुणी शिकवलं त्यांना? कुणीच नाही. मोठ्या मुलांकडून छोट्यांकडे उतरत आलेलं. भांडणं, चहाड्या, सिनेमाची आख्खी गोष्ट मारामारीसकट, गावाकडच्या म्हशीची नक्कल. मी खिडकीतून बघत असे. दिवसभर "पा-णी" वर अडकलेलं पोर रात्री पंधरा मिनिटं अखंड गोष्ट सांगत असे आणि पाच जण हसून लोळत असत. मी ते बघितलं होतं. रोज बघितलं होतं. आणि सकाळी परत हात खाली. हे मला आज कुणाला समजावून सांगता येत नाही, स्वतःलाही नाही.

मग १९९३ आलं. ३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूर शहरात घरं हादरली, वीज गेली, माणसं रस्त्यावर आली. किल्लारीकडे काय झालं ते आम्हाला सकाळपर्यंत माहीत नव्हतं. माझी खोली वसतिगृहालाच लागून होती. मी धावत गेले तर मुलं माझ्या आधी उठून बसलेली. जमिनीची थरथर त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते, पायांनी, पाठीने. पण काळोख मिट्ट. माझे ओठ कुणाला दिसणार? चार वर्षं जी भाषा शिकवली ती काळोखात शून्य. मी ओरडत होते "बाहेर, बाहेर", आणि माझं मला कळत होतं की कुणाला काही पोचत नाही. मोठ्या पोरांनी काय केलं, तर एकमेकांचे हात चाचपून धरले, तळहातावर खुणा केल्या, छोट्यांना साखळीसारखं ओढलं आणि पटांगणात नेऊन बसवलं. मलाही एकाने मनगटाला धरून बाहेर काढलं. त्याच मनगटावर मी दोन दिवसांपूर्वी पट्टी मारली होती असं सांगितलं तर गोष्ट छान जमेल, पण तसं नव्हतं. तो मोठा गुणी मुलगा होता, त्याला मी कधी मारलं नव्हतं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. औसा तालुक्यातल्या एका गावचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्या वर्षीच आला होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याच्या गावाकडचा एक माणूस आला आणि फाटकातच सांगून गेला. आई गेली, धाकटी बहीण गेली. बाप दवाखान्यात होता. कामाला माणूस नाही, मागे थांबायला वेळ नाही. पोराला तुम्हीच सांगा म्हणाला.

मी पोराला समोर बसवलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं. उजेड माझ्या तोंडावर, चेहरा समोर, शब्द सावकाश. "तुझी आई... गेली." त्याला 'आई' येत होतं. 'गेली' पण येत होतं, त्याच महिन्यात शिकवलं होतं. मुलगी गेली, बस गेली. त्याने फाटकाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून मोठ्या कष्टाने म्हणाला, "क-धी?" म्हणजे येणार कधी. आई भेटायला आली होती आणि मला न भेटता गेली, असं त्याला वाटलं. तो रुसला होता!

आपली भाषा बघा. मरण्याला आपण 'गेली' म्हणतो, 'देवाघरी गेली' म्हणतो, 'वारली' म्हणतो. माझ्याजवळ त्या पोरासाठी एकही शब्द नव्हता. 'मेली' हा शब्द मी शिकवला नव्हता. उंदीर मेला असा एक धडा पुढच्या वर्षी होता. मी परत परत तेच म्हणत राहिले, आणि तो परत परत फाटकाकडे बघत राहिला.

सातवीतली एक मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे परवानगीसाठी बघितलं सुद्धा नाही. येऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि हातांनी सांगितलं. घर. जमीन हलते. दगडी भिंत, माती, पडते. आत आई, आत छोटी बहीण. वर दगड. डोळे मिटले. उठत नाहीत. तिने मग लाकडं रचली, पेटवली, धूर वर गेला. दोनेक मिनिटं लागली असतील. तो पोरगा तिच्या हातांकडे बघत होता, मग त्याने एक प्रश्न विचारला, हातानेच. बाप? ती म्हणाली, आहे, डोक्याला पट्टी, झोपलाय, उठेल. मग तो रडला. आठ दिवसांनी रडायचं ते त्याच दिवशी रडला, मला त्याचंच बरं वाटलं.

मी काय केलं? मी "हात खाली" म्हटलं नाही. तेवढंच.

इथे कुणाला वाटेल की दुसऱ्या दिवसापासून मी बदलले. छे. माणूस इतक्या सहज बदलत नाही आणि शाळा तर त्याहून नाही. तपासणीला साहेब आले की मुलांनी बोलून दाखवलं पाहिजे, हे होतंच. पालकांनाही बोलणंच हवं होतं, आणि त्यांचं काय चुकलं? कोणत्या आईला पोराच्या तोंडून 'आई' ऐकावंसं वाटत नाही? मी फक्त पट्टी सोडली. तळवा खाली दाबायची सवय कितीतरी वर्षं गेली नाही. हाताला लागलेली होती.

हे सगळं चुकीचं आहे हे जगाला केव्हाच कळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत विल्यम स्टोको नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने १९६० मध्येच दाखवून दिलं होतं की बहिऱ्यांच्या खुणा म्हणजे नुसते हातवारे नाहीत, त्यांना व्याकरण आहे, ती पुरी भाषा आहे. आपल्याकडे मदन वसिष्ठ हे हिमाचलातले, लहानपणी बहिरे झालेले, १९६७ मध्ये गॅलोडेटला शिकायला गेले. १९७७ नंतर ते आणि त्यांचे सहकारी दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर फिरले आणि या चारही शहरांतल्या बहिऱ्यांच्या खुणा मुळात एकाच भाषेच्या आहेत असं त्यांनी मांडलं. मी प्रशिक्षण घेतलं त्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. माझ्या वहीत तिचा एक शब्द नाही. इकडे इचलकरंजीत दिलीप देशमुखांनी १९९७ मध्ये सांकेतिक भाषा आणि द्विभाषिक शिक्षणावर पुस्तक काढलं. लातूरहून इचलकरंजी काही अमेरिका नव्हे. पण आम्ही आमच्या आरशात बघत होतो.

मुंबईला वांद्र्याच्या रेक्लेमेशनवर १९८३ मध्ये केंद्र सरकारची एक संस्था निघाली, अली यावर जंग यांच्या नावाची. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. ते निजामाच्या राज्यातले बडे अधिकारी, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. भारत सरकारशी बोलणी चालली होती तेव्हा १९४७ मध्ये ते निजामाच्या शिष्टमंडळातून बाहेर पडले. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि पदावर असतानाच १९७६ मध्ये वारले. माझे सासरे रझाकारांच्या काळातले, ते म्हणायचे, "निजामाचा माणूस आणि बहिऱ्यांचा दवाखाना, काय संबंध?" संबंध मलाही माहीत नाही. पण २००० नंतर या संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेचे वर्ग सुरू झाले आणि काही वर्षांनी मी एका वर्गाला गेले. तोवर माझी नोकरी पंधरा वर्षांच्या वर झालेली.

शिकवायला उभा होता एक बहिरा तरुण. माझ्या मुलांच्या वयाचा. बहिऱ्या माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसायची माझी ती पहिलीच वेळ. त्याने पहिली गोष्ट काय केली, तर आम्हा सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला सांगितलं. तोंड बंद. बोलायचं नाही. बोललं की तो तळहाताने खाली दाबल्यासारखं करून दाखवायचा. हसावं की रडावं कळेना. तीन दिवसांत मी ठार अडाणी ठरले. मला साधं "तुमचं नाव काय" विचारता येईना. मी 'काय' आधी करत होते. त्याने दुरुस्त केलं, प्रश्नाची खूण शेवटी. तुझं, नाव, काय? अगदी मराठीसारखंच की! इतकी वर्षं मी समजत होते की खुणांना व्याकरण नसतं, आणि ते माझ्या मातृभाषेच्या इतकं जवळ बसलेलं होतं.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. खुणेने गोष्ट सांगायची, मग तीच फळ्यावर लिहायची, मग जमेल त्याने बोलायची. नांदेड जिल्ह्यात एका शाळेत मुख्याध्यापिका झाल्यावर पहिलं काम केलं ते वसतिगृहात एक बहिरा काळजीवाहक नेमायचं. सगळ्यांना पटलं असं नाही. एका पालकाने तोंडावर सांगितलं, "बाई, खुणा तर आमच्या म्हशीला पण कळतात, त्यासाठी शाळा कशाला?" मी भांडले नाही. मिलानच्या परंपरेतल्या परिषदेने २०१० मध्ये व्हँकूवरला त्या जुन्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षं लागली त्यांना. या पालकाला दोन वर्षं लागली, पोरीने चिठ्ठी लिहून वडील घरी किती वाजता येतात ते विचारलं तेव्हा.

माझ्या निवृत्तीनंतरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. गीता तुम्हाला आठवत असेल. लहानपणी चुकून गाडीने पाकिस्तानात पोचलेली, लाहोर स्टेशनवर सापडलेली बहिरी मुलगी. कराचीच्या ईधी फाउंडेशनमध्ये वाढली. बिलकीस ईधींनी तिचं नाव आधी फातिमा ठेवलं, मग ती हिंदू आहे हे लक्षात आल्यावर गीता. २६ ऑक्टोबर २०१५ ला ती भारतात परत आली. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, सुषमा स्वराज होत्या. पण घर? घर कुठे हे तिला सांगता येत नव्हतं. कित्येक जोडपी आली, आमचीच म्हणाली, जुळलं नाही. इंदूरला सांकेतिक भाषेचे जाणकार ज्ञानेंद्र पुरोहित तिच्याशी बोलत राहिले, आणि तिच्या हातांतून तुकडे निघत गेले. ऊस. भुईमूग. नदी. देऊळ. जवळ रेल्वे स्टेशन. डिसेंबर २०२० मध्ये ते तिला घेऊन नांदेडला आले, तिथून तेलंगणातल्या बासरला. पुढे ती परभणीत राहिली. आणि मार्च २०२१ मध्ये बातमी आली की आई सापडली, मुलगी मूळची परभणी जिल्ह्यातली, नाव राधा. पोटावरच्या भाजल्याच्या व्रणावरून आईने ओळखलं असं छापून आलं होतं. आमच्या नांदेडहून निघून परभणीवरून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये ती बसली असावी, असा लोकांचा तर्क.

तेव्हा सगळे म्हणत होते, केवढा चमत्कार. मी मात्र पेपर हातात धरून एकच हिशेब करत होते. ही मुलगी माझ्या शाळेत आली असती तर? परभणी काही लांब नाही. समजा १९९८-९९ ला सात वर्षांची होऊन आली असती. मी पहिलं वर्ष तिच्याकडून 'प' काढण्यात घालवलं असतं. दुसऱ्या वर्षी पाणी, पोळी. मग ती गाडीत बसून गेली असती, लाहोरला उतरली असती, आणि पोलिसाने विचारल्यावर म्हणाली असती, "पा-णी." गावाचं नाव तिला आलं नसतं. माझ्याकडच्या कितीतरी पोरांना दोन-तीन वर्षं स्वतःच्या गावाचं नाव माहीत नसायचं. स्वतःला नाव असतं हेही माहीत नसायचं, कारण नाव म्हणजे आवाज. हाक मारली तर ऐकू येतं त्याला नाव. फळ्यावर त्याचं नाव लिहून त्याच्या छातीवर बोट ठेवलं तर पंधरवड्यात येतं. पण आम्ही लिहिणं मागे ठेवत होतो, आधी उच्चार.

२०१५ मध्येच दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची केंद्रीय संस्था झाली, २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश आला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा आली. लहान वयात शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेली मुलं आता माझ्या ओळखीत आहेत, छान बोलतात, साध्या शाळेत जातात. त्यांचं मला कौतुकच आहे. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं शिकवणी लागते, आणि यंत्राचा सुटा भाग बिघडला की बाप शहरात चकरा मारतो. तोवर त्या मुलाने काय करायचं, हात खाली ठेवून बसायचं?

आता त्या दिरांच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत परक्या माणसाला कळेल असं बोलणारी बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली बहुतेक अशी की त्यांना मुळात थोडं ऐकू येत होतं, किंवा ती बोलायला लागल्यावर आजाराने बहिरी झालेली. हे खरं उत्तर.

गेल्या वर्षी नांदेड स्टेशनवर कुणीतरी मागून खांद्यावर थाप मारली. माझा एक विद्यार्थी, आता चाळिशीचा. लातूरचा, 'क' साठी मी ज्याच्यावर तीन वर्षं घालवली आणि जो शेवटपर्यंत आला नाही. शिवणकाम करतो, स्वतःचं दुकान आहे. बायको पण बहिरी. सहा-सात वर्षांची मुलगी बरोबर, तिला ऐकू येतं, दोन्ही भाषा फडाफडा. बहिऱ्यांच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, गालावर तीळ असेल तर तीळ, टक्कल असेल तर टक्कल. समोरच्याला ते पोरंच ठेवतात, विचारत नाहीत. माझं काय ठेवलं होतं ते मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्याने बायकोला माझी ओळख करून दिली. बोट माझ्याकडे केलं, शाळेची खूण केली, आणि मग तळवा जमिनीकडे करून हवेत दोनदा खाली दाबला.

बायकोने लगेच मान हलवली. तिला माहीत होतं. म्हणजे हे नाव लातूरच्या बाहेरही गेलेलं होतं.

पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुमचं नाव असं का हो?"

गाडीला अजून वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो आणि मी तिला सांगितलं, हातांनीच, म्हणजे तिच्या आईबापालाही दिसेल असं. मध्ये दोन खुणा चुकले, त्या तिच्या बापाने दुरुस्त केल्या.